एक जूनच्या दोघी

मंडळी, मागची जरा पुढं सरका! मांडव मोठा आहे, जागा भरपूर आहे. माउली, बाळ रडतंय तर रडू द्या, उठून जाऊ नका. माझ्या कीर्तनात मोठी माणसं झोपतात, त्यापेक्षा रडणारं बाळ कितीतरी बरं!

हं. ऐका आता. आज एकच प्रश्न विचारतो. थोरलं कोण?

हसू नका! सोपा वाटतो, पण घाम फोडतो हा प्रश्न. दारात दोन माणसं उभी आहेत आणि आत खुर्ची एकच. बसायचं कुणी? तुम्ही म्हणाल, थोरल्यानं. बरोबर! पण थोरला कोण? आधी जन्मला तो? आधी कामाला लागला तो? जास्त शिकला तो? की ज्याचा आवाज मोठा तो? — काय बुवा, तुम्ही काय म्हणता? मृदंग वाजवणाऱ्याचाच आवाज मोठा, म्हणून हे खूश झाले बघा!

घरात हा प्रश्न आई सोडवते. सरकारी नोकरीत आई नाही. तिथं यादी असते यादी! सेवाज्येष्ठता यादी. कोण आधी, कोण मागं, एक नंबरपासून शेवटच्या नंबरापर्यंत. बढती निघाली की वरच्याला. मास्तरांना यादी, डॉक्टरांनाही यादी. आपल्या दवाखान्यात एखादे डॉक्टर बारा वर्षं ताप बघतात, विंचू उतरवतात, बाळंतपणं करतात, पण कागदावर ते तात्पुरते! आणि कालचं पोरगं परीक्षा देऊन कायम झालं की ते यादीत वर! बारा वर्षांचे डॉक्टर उठून त्याला 'या सर' म्हणतात! आता सांगा, थोरलं कोण?

गप्प झालात ना? मग आख्यान ऐका. मथुराबाईंचं आख्यान!

गाव कुठलं ते सांगत नाही. सांगितलं तर उद्या पाव्हणे येतील भांडायला. आपल्यासारखंच गाव — मधून ओढा, अलीकडं वस्ती, पलीकडं शाळा. आणि शाळेत अंतू गुरुजी. पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतोय हो. अंतू गुरुजी म्हणजे देवमाणूस, पण त्यांना एक धास्ती होती — पटाची! पटावर पोरं कमी दिसली की शाळा बंद. म्हणून जून उजाडला की गुरुजी काखेत रजिस्टर घेऊन घरोघर फिरायचे.

"काय गं रखमा, पोरगी किती वर्षांची?"

"मला काय ठावं गुर्जी! आमची काळी म्हस हिरीत पडली त्या सालची!"

आता म्हैस विहिरीत कधी पडली, हे रजिस्टरात कसं लिहायचं? गुरुजी टोपी सारखी करायचे आणि लिहायचे — एक जून! वय? सहा! पुढचं घर. "पोरगा कधीचा?" "पोळ्याच्या आदल्या दिसाचा." एक जून! "आणि ही?" "ही व्हय, ही थंडीतली." एक जून! अख्ख्या गावाचा वाढदिवस एका दिवशी!

इथं एक जूनवाले किती आहेत? हात वर करा. बघा, बघा! अर्धा मांडव! तुम्ही सगळे अंतू गुरुजींची लेकरं!

त्याच दिवशी गुरुजींनी दोन पोरी शाळेत घातल्या. एक मथुरा आवटे, दुसरी तिची शेजारीण केशर. केशर खरोखर सहा वर्षांची होती. मथुरा मात्र आठाची! धाकटी भावंडं सांभाळायला ती दोन वर्षं घरी राहिली होती ना! पण रजिस्टरात काय? दोघी सहाच्या. दोघी एक जून. दोघी एकाच साली. गुरुजींनी टोपी सारखी केली आणि मथुरेच्या आयुष्यातली दोन वर्षं पुसून टाकली. कुणाला कळलंही नाही. तेव्हा मथुरेलाही नाही!

ओढ्याला पाणी आलं की केशर काठावर बसून रडायची. मग मथुरा दोन्ही दप्तरं गळ्यात अडकवायची, केशरला पाठुंगळी घ्यायची आणि ओढा पार करायची. चार वर्षं! केशर तिला अक्का म्हणायची. दोन वर्षांनी मोठी, हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक! सख्ख्या बहिणी नाहीत, भाऊबंदही नाहीत, पण अक्का म्हणजे अक्का!

पुढं दोघी शिकल्या. एका बाकावर दहावी, एका वसतिगृहात डी.एड. आणि एकाच आदेशात दोघींची नेमणूक! कागदावर वय एकोणीस. दोघी एकाच दिवशी, वेगवेगळ्या गावांतल्या शाळांवर, सकाळी दहाच्या आत रुजू! रुजू अहवालात दोघींनी एकच शब्द लिहिला — मध्यान्हपूर्व. हा शब्द लक्षात ठेवा बरं का! नोकरीत दुपारच्या आधी हजर झालात तर तो दिवस तुमचा. जेवून-बिवून गेलात तर उद्यापासून. एका जेवणापायी माणूस जन्मभर धाकटा राहतो! आमचे हे विणेकरीबुवा नोकरीत असते तर शेवटच्या नंबराला असते. जेवल्याशिवाय हलतात कुठं?

दोघींची लग्नं झाली. मथुरा आवटेची झाली मथुरा हिंगे. केशर झाली केशर उगले. बदल्या झाल्या, लेकरं झाली, केस पांढरे झाले. आणि शेवटची दहा वर्षं देवानं दोघींना पुन्हा एकत्र आणलं. कुठं? त्याच शाळेत! अंतू गुरुजींच्याच शाळेत! तालुक्याच्या गावाला दोघींची घरं, एका गल्लीत. केशरबाईंची स्कूटी, मागं मथुराबाई. डबे दोन, पण जेवायचं एकातलं. भाकरी इकडची, भाजी तिकडची. सदतीस वर्षं नोकरीची, पन्नास वर्षं मैत्रीची. दृष्ट लागावी अशी जोडी!

आणि लागली!

त्या शाळेच्या ऑफिसात भिंतीवर एक फळा आहे. काळा फळा, पांढरी अक्षरं. शाळा निघाल्यापासूनच्या मुख्याध्यापकांची नावं. एकवीस नावं! सगळे पुरुष. आणि या गावचा त्यात एकही नाही. मथुराबाई रोज मस्टरवर सही करायला जायच्या आणि त्यांची नजर त्या फळ्यावर जायची. एकविसाव्या नावाखाली एक ओळ मोकळी होती. एकच! बोलल्या कधी नाहीत हो, पण मनात ती ओळ त्यांनी केव्हाच भरली होती. 'श्रीमती मथुरा हिंगे.' ज्या शाळेच्या मागच्या दारातून लहानपणी शेळी हाकलायची, तिथं आपलं नाव पांढऱ्या रंगात! मंडळी, माणसाला एवढीशी हाव असावी की नाही? असावी! मी तर म्हणतो, असावी!

मोठे गुरुजी मे महिन्यात निवृत्त झाले. खुर्ची रिकामी! ऑगस्टात तालुक्याला यादी लागली. मथुराबाई सकाळीच पदर खोचून पंचायत समितीत. बोर्डासमोर ही गर्दी! वाट काढत पुढं गेल्या, चष्मा लावला आणि बोट फिरवत खाली आल्या. अडतीस... एकोणचाळीस... चाळीसपर्यंतचे सगळे आधीच मुख्याध्यापक झालेले. म्हणजे आता नंबर एक्केचाळीसचा!

एक्केचाळीस — श्रीमती केशर उगले!

बेचाळीस — श्रीमती मथुरा हिंगे!

तळपायाची आग मस्तकाला गेली! तशाच आत. तिथं गिरमे भाऊसाहेब बसलेले. यादी त्यांनीच केलेली. बिचारा सज्जन माणूस, पान खायचा तेवढंच काय ते.

"भाऊसाहेब! ही काय पद्धत? केशर वर कशी?"

"बाई, बसा. रागावू नका. रुजू तारीख बघितली — एक. दुपारच्या आधी का नंतर ते बघितलं — दोघी आधी. मग बघायची जन्मतारीख, मोठा तो वर."

"मग बघा की!"

"बघितली! एक जून आणि एक जून! सालही तेच! डोकं धरून बसलो बाई. म्हटलं, निवडयादीत आधी कुणाचं नाव होतं ते बघू. ती फाईल काढली तर वाळवीनं खाल्लेली. नुसती पुठ्ठ्याची टरफलं राहिली."

"मग?"

"मग अक्षरानं लावलं. उगले आधी, हिंगे नंतर."

"अहो, पण मी माहेरची आवटे!"

गिरमे भाऊसाहेब हळहळले. खरंच हळहळले. "अरेरे! आवटे असता तर बिनधोक वर होता. लग्नाच्या वेळी आडनाव बघायला पाहिजे होतं बाई!"

ऐका मुलींनो! नवरा बघताना पत्रिका बघू नका, बाराखडी बघा!

हसताय तुम्ही. पण मथुराबाईंना हसू येत नव्हतं. दोघींची जन्मतारीख एक, म्हणजे निवृत्तीही एकाच दिवशी. उरलेली नोकरी पावणेदोन वर्षं. खुर्ची आत्ता गेली ती गेलीच. फळ्यावरची ओळ केशरची!

त्या दिवशी शाळा सुटल्यावर केशरबाई स्कूटी घेऊन उभ्या. "चल अक्का." मथुराबाई म्हणाल्या, "तू जा. मला चालायचं आहे." सात किलोमीटर हो! सात किलोमीटर चालत गेल्या, पण मागं बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून एसटी. डबा वेगळा. केशरबाई वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहायच्या आणि मथुराबाई फळ्याकडं तोंड करून पुसलेलंच पुन्हा पुसायच्या.

"अक्का, मी काय केलं सांग ना! यादी मी लावली का?"

"उगलेबाई, शाळेत अक्का म्हणत जाऊ नका. इथं आपण सहकारी आहोत."

उगलेबाई! पन्नास वर्षांत पहिल्यांदा! केशरबाई वर्गात गेल्या आणि पोरांना पाढे म्हणायला लावले. मोठ्यानं म्हणायला लावले. का? बाईंच्या नाकाचा आवाज पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून!

नियमाप्रमाणं हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. मथुराबाईंनी हरकत लिहिली. 'मी वयाने ज्येष्ठ असून त्याचा पुरावा सुनावणीच्या वेळी सादर करीन.' लिहून दिलं खरं, पण पुरावा कुठं होता? म्हैस विहिरीत पडली होती, तिचा दाखला कोण देणार?

घरी विचारावं तर यजमान म्हणाले, "मला तर तू लग्नात एकोणीसची सांगितली होती. मी आता साक्ष काय देऊ?" आणि पेपर तोंडापुढं धरला. शहाणा माणूस!

पण मथुराबाई हटणाऱ्या नव्हत्या! शोधता शोधता एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "बाई, पूर्वी गावात जन्मलेलं मूल कोतवाल लिहून ठेवायचा. ती बुकं तहसिलीत असतील." मग काय! अर्ज, चकरा, धूळ, शिंका. तिसऱ्या फेरीला बुक सापडलं. पिवळं पान, बोरूचं अक्षर. मथुराबाईंचं बोट ओळीओळीनं खाली येतंय... आणि सापडलं! 'आवटे, वस्ती ओढ्याकाठची, मुलगी झाली.' मार्च महिना. आणि साल? शाळेतल्या सालाच्या दोन वर्षं आधीचं! आवट्यांच्या घरात मुलगी ती एकटीच. दुसरं कुणी असणं शक्यच नाही. त्यांनी आणखी पानं उलटली. दोन वर्षं पुढं केशरच्या बापाचं नाव. मुलगी झाली, मे महिन्याची अखेर. अंतू गुरुजींचा नेम केशरच्या बाबतीत अगदी बरोबर बसला होता!

सांगतो तुम्हाला, तहसिलीच्या आवारात मथुराबाई नाचायच्याच बाकी होत्या! दोन्ही नोंदींची नक्कल शिक्क्यासकट पर्समध्ये. वाटेत पेढे घेतले. पेढे! मी थोरली! मी थोरली! कागद बोलतोय!

सुनावणीचा दिवस. जिल्ह्याचं ऑफिस, लांब व्हरांडा. एका बाकावर या, पलीकडच्या बाकावर त्या. मधे पन्नास वर्षं. मथुराबाई नव्या साडीत, पर्स मांडीवर घट्ट. केशरबाई खाली बघून पदराचा काठ चोळतायत. इतक्यात गिरमे भाऊसाहेब आले. मथुराबाईंना राहवेना.

"भाऊसाहेब, हे बघा! आणलाय पुरावा!"

भाऊसाहेबांनी नक्कल वाचली. एकदा वाचली, दोनदा वाचली. मग इकडं तिकडं बघितलं, तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाई, हा कागद कुणाला दाखवला?"

"नाही अजून. का?"

"बाई, या कागदाप्रमाणं तुमचं वय आता किती होतं?"

"छप्पन... नाही, अठ्ठावन्न... आणि वर पाच महिने."

"आणि मास्तर निवृत्त कधी होतो?"

मंडळी! बोला! कधी होतो?

अठ्ठावन्नला!

"बाई," भाऊसाहेब म्हणाले, "हा कागद साहेबांपुढं ठेवला तर तुम्ही वर नक्की जाल. एक्केचाळीसच काय, त्याच्याही वर. पण यादीतच राहणार नाही! पाच महिन्यांपूर्वीच तुम्ही घरी बसायला हव्या होत्या. चौकशी लागेल ती वेगळी."

पर्स हातात तशीच राहिली. बघा कसा पेच! थोरलेपण सिद्ध केलं तर नोकरी जाते, नोकरी ठेवली तर थोरलेपण जातं! आपल्याला थोरलं व्हायचं असतं, म्हातारं व्हायचं नसतं. मान पाहिजे साठीचा आणि केस पाहिजेत पंचविशीचे! कलप कुणी कुणी लावलाय ते मला इथून दिसतंय, मी नावं घेत नाही!

तेवढ्यात शिपाई ओरडला, "हिंगे आणि उगले! आत!"

साहेब तरुण. टेबलावर फाईल, फाईलवर पेन.

"हिंगेबाई, तुमची हरकत. वयाने ज्येष्ठ म्हणता. पुरावा?"

मथुराबाईंनी पर्स पदराखाली घेतली. "नाही साहेब. पुरावा... मिळाला नाही."

"मग वेळ कशाला घेतला सगळ्यांचा? उगलेबाई, तुमचं काही म्हणणं?"

केशरबाई उभ्या राहिल्या. पंधरा दिवस न बोललेलं सगळं ओठापाशी आलेलं. म्हणाल्या, "साहेब, अक्काचं म्हणणं बरोबर आहे. खुर्ची तिलाच द्या."

साहेबांनी मान वर केली. "अक्का?"

झालं!

"तुम्ही यांना अक्का म्हणता? दोघींची जन्मतारीख एक. मग ह्या तुमच्या अक्का कशा?"

केशरबाईंनी जीभ चावली. पण शब्द सुटला तो सुटला! साहेब आता खुर्चीत सरळ बसले. "म्हणजे त्या खरोखर थोरल्या आहेत? किती वर्षांनी?"

"दोन," केशरबाईंच्या तोंडून निघून गेलं.

"मग दोघींपैकी एकीची तारीख खोटी आहे. मला सरळ सांगा. कुणाची?"

केशरबाईंनी मथुराबाईंकडं बघितलं. मथुराबाईंचा चेहरा पांढराफटक. आणि केशर पहिल्यापासून गणितात हुशार हो! छप्पन अधिक दोन, तिनं मनात एका क्षणात केली बेरीज. कळलं तिला! अक्काची तारीख खोटी ठरली तर अक्का आजच घरी जाते!

आणि ती म्हणाली, "माझी! माझी तारीख खोटी आहे साहेब. मी दोन वर्षांनी लहान आहे. मी आत्ता चोपन्नची."

"बाई, काय बोलता कळतंय का? एकोणीसमधून दोन गेले, म्हणजे नोकरीला लागलात तेव्हा तुम्ही सतरा वर्षांच्या! नेमणूकच चुकीची ठरते. सदतीस वर्षांच्या नोकरीची चौकशी लागेल."

"लागू द्या."

"लिहून देता?"

"देते."

साहेबांनी कागद पुढं केला. केशरबाईंनी पेन उचललं.

थांबा मंडळी! इथं थांबा. टाळ वाजवू नका. मथुराबाईंच्या जागी बसा क्षणभर. काही करायचं नाहीये! खोटं बोलायचं नाही, चोरी करायची नाही. फक्त गप्प बसायचं. एक सही होऊ द्यायची. मग एक्केचाळीस कोण? मथुरा हिंगे! खुर्ची कुणाची? मथुरा हिंगेची! फळ्यावरची ती पांढरी ओळ आता हाताच्या अंतरावर आहे. आणि केशर स्वतःच लिहून देतीये, कुणी जबरदस्ती केली नाही. गप्प बसायला काय लागतं? आपण रोज बसतो! भावाच्या हिश्शाची वेळ आली की बसतो, शेजाऱ्यावर आळ आला की बसतो. गप्प बसण्याची यादी काढली तर आपण सगळे ज्येष्ठ!

मथुराबाईसुद्धा बसल्या. हो, बसल्या! मी खोटं कशाला सांगू? केशरनं 'मी' लिहिलं, 'श्रीमती' लिहिलं, तोपर्यंत त्या बसल्या होत्या. पेन कागदावर कुरकुरतंय. केशरचं अक्षर पहिल्यापासून सुंदर. आणि मथुराबाईंना दिसलं, की त्या सुंदर अक्षराची आज पहिल्यांदा वेलांटी वाकडी गेली. केशरचा हात कापत होता.

"थांब!"

केवढ्यानं ओरडल्या! बाहेरचा शिपाई आत डोकावला.

"ठेव ते पेन खाली! साहेब, ही खोटं बोलतीये. हिची तारीख बरोबर आहे. खोटी माझी आहे." आणि पर्स उघडली, नक्कल काढली, टेबलावर ठेवली. "हे कोतवाल बुक. ही माझी नोंद, ही हिची. मगाशी मी पुरावा नाही म्हणाले ते खोटं. मी अठ्ठावन्न पार केली आहे. काय करायचं ते माझं करा. हिच्या नोकरीला हात लावायचा नाही!"

साहेबांनी कागद वाचला. बराच वेळ वाचला. मग त्यांनी तो कागद नीट घडी केला.

"याचा अर्थ काय होतो, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे. बाहेर गिरमे भाऊसाहेबांनी सांगितलं."

"तरी ठेवलात?"

"ठेवला."

साहेब म्हणाले, "हिंगेबाई, भाऊसाहेबांनी अर्धं सांगितलं. जन्मतारखेची दुरुस्ती नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांत मागायची असते. तुम्ही आलात सदतीस वर्षांनी. आता सेवापुस्तकात जी तारीख आहे तीच तुमची तारीख. ना तुम्हाला बदलता येते, ना यांना, ना मला. सरकारच्या लेखी तुम्ही दोघी एक जूनच्या. तुमची नोकरी राहील, यांचीही राहील."

साहेबांनी पेन उचललं.

"पण मग हरकतीला आधार राहत नाही. यादी आहे तशीच कायम. एक्केचाळीस उगले, बेचाळीस हिंगे."

बघा कसा निकाल! शिक्षा नाही, पण खुर्चीही नाही. साहेबांनी सही केली, शिक्का मारला आणि फळ्यावरची ती ओळ कायमची गेली. मथुराबाई उठल्या. नमस्कार केला. आणि ताठ मानेनं बाहेर आल्या.

व्हरांड्यात केशर मागून धावत आली. डोळे वाहतायत, आणि रागानं लाल! "अक्का, काय गरज होती तुला? मी देत होते ना लिहून! माझं मी बघितलं असतं! तुझी नोकरी गेली असती म्हणजे? इतकी वर्षं तू त्या फळ्याकडं बघतेस, मला काय दिसत नव्हतं? तू कशाला मधे बोललीस?"

मथुराबाई थांबल्या. मागं वळल्या. चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या,

"गप बस. थोरल्या माणसाला उलट बोलायचं नसतं."

आणि मंडळी! केशर उगले, सेवाज्येष्ठता क्रमांक एक्केचाळीस, त्या शाळेच्या होणाऱ्या मुख्याध्यापिका — खाली मान घालून गप्प! एक शब्द नाही! साहेबाचा शिक्का अजून वाळला नव्हता, आणि व्हरांड्यात दुसरीच यादी लागली होती!

विठ्ठल, विठ्ठल! आता सांगा मला, थोरलं कोण?

मथुराबाईंकडं कागद होता तेव्हा त्या थोरल्या झाल्या का? नाही! थोरलेपणाच्या हट्टानं त्यांना सात किलोमीटर चालायला लावलं, मैत्रिणीला रडवायला लावलं. शिक्क्याचा कागद पर्समध्ये असतानाच त्या सगळ्यांत लहान झाल्या होत्या. थोरल्या केव्हा झाल्या? धाकटीचा हात कापताना दिसला आणि यांनी आपली मान पुढं केली, तेव्हा! आणि मी म्हणतो, केशर तरी कुठं कमी? ती तर आधीच पुढं झाली होती. पण थोरलीनं तिला मागं ओढलं. थोरल्याचा हक्क एवढाच आहे बाबांनो — संकटात धाकट्याच्या आधी उभं राहायचं. बाकी सगळं यादीचं काम!

आता तुमच्याकडं वळतो. वळणारच! फुकट हसून घरी जाऊ देईन होय? तुम्ही घरात थोरले आहात. भावकीत थोरले आहात. कुणी सोसायटीत थोरले, कुणी भजनी मंडळात. 'आमच्यापुढं बोलायचं नाही' असं रोज म्हणता. घरातली सून गप्प बसते, धाकटा भाऊ गप्प बसतो, पोरं गप्प बसतात. बसतात ना? ते काय म्हणून गप्प बसतात, हे कधी बघितलं आहे का? केशर गप्प बसली तसे बसतात, की नुसते दार लागायची वाट बघत बसतात?

उत्तर मला देऊ नका. मी उद्या दुसऱ्या गावाला जाणार. आता डोळे मिटा, नाम घ्या, आणि नाम घेता घेता फक्त एक आठवा. तुमच्या धाकट्यासाठी, ज्याला तुम्ही गप्प बसवता त्याच्यासाठी, तुम्ही हातात आलेलं शेवटचं काय सोडलंत?

आठवलं त्यानं टाळ्या वाजवा. नाही आठवलं त्यानं घरी जाऊन आधी त्या धाकट्याच्या शेजारी बसा. बुवा, मृदंग घ्या!